मेलेला संगणक थांबेल, फोटो थांबणार नाही

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“माझा जुना डेस्कटॉप गेल्या महिन्यात बंद पडला. बटण दाबलं की तीन बीप वाजतात आणि पडदा काळाच राहतो. बोर्ड गेलाय, दुरुस्तीत अर्थ नाही, असं दुरुस्तीवाला म्हणाला. त्यावर २०१३पासूनचं माझं बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरचं वॉलेट होतं. २०१४च्या शेवटी त्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला होता. २०१५मध्ये वॉलेटला पासवर्ड लावला आणि २०१७पर्यंत थोडीफार देवघेव केली. आता नव्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हमधली फाइल टाकली. नवं बिटकॉइन कोअर ती उघडेचना, म्हणून जुनी आवृत्ती टाकली. तिने उघडली, पण शिल्लक शून्य! शिवाय डायरीच्या एका पानावर बारा इंग्रजी शब्द लिहिलेले आहेत. बहुधा २०१६मध्ये इलेक्ट्रम की कायसं वापरलं होतं, त्याचे. ते फोनवरच्या एका ॲपमध्ये घातले तर शब्द चुकीचे आहेत म्हणतं. भाच्याला यातलं कळतं म्हणून पानाचा फोटो काढून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, पण त्यालाही जमलं नाही. आता इंटरनेटवर भेटलेला एक जण म्हणतो, फाइल आणि शब्द पाठवा, मी पैसे काढून देतो, नंतर टक्केवारी द्या. पासवर्ड मला जवळजवळ आठवतो. बायकोला यातलं काहीच माहीत नाही. पैसे गेले का?”

तुम्ही ज्याची सगळ्यात जास्त काळजी करताय, तो डेस्कटॉप या पत्रातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. तो मेलाय. आणखी आठवडाभर तसाच पडून राहिला तर आणखी मरणार नाही. घाई आहे ती त्या बारा शब्दांच्या फोटोची. म्हणून क्रम उलटा लावू या: आधी डायरीचं पान, मग डेस्कटॉप. आणि तो टक्केवारीवाला? त्याला उत्तरच देऊ नका. शब्द मागणारा माणूस मदत मागत नसतो, पैसे मागत असतो. त्या शब्दांतून वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार होतात, म्हणून बारा शब्द ज्याच्या हातात त्याचे पैसे. त्यातली टक्केवारी तुम्हाला कोण कशाला देईल?

आता फोटो. भाच्यावर माझा काडीचा संशय नाही, तुम्हीही घेऊ नका. पण तो फोटो आता तुमच्या गॅलरीत आहे, भाच्याच्या गॅलरीत आहे, आणि दोघांपैकी कुणाच्या फोनवर फोटोंचा आपोआप बॅकअप चालू असेल तर कुठल्यातरी सर्व्हरवरही आहे. २०२५च्या सुरुवातीला कॅस्परस्की या कंपनीने स्पार्ककॅट नावाचा फोनमधला व्हायरस उघडकीला आणला. तो गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून वॉलेटचे शब्द शोधायचा, आणि तो अधिकृत ॲप स्टोअरवरच्या ॲपांमध्येही सापडला होता. तेव्हा फोटो पुसा, भाच्यालाही पुसायला सांगा, पण पुसला म्हणजे प्रश्न मिटला असं धरू नका. ज्या फोन-ॲपमध्ये तुम्ही शब्द टाकून पाहिलेत, ते कुणाचं होतं हेही तुम्ही लिहिलेलं नाही. हे शब्द फुटलेले आहेत असंच समजायचं. घराची किल्ली हरवली की आपण ती शोधत बसत नाही, कुलूप बदलतो. इथे कुलूप बदलणं म्हणजे पैसे नव्या शब्दांच्या नव्या वॉलेटमध्ये हलवणं.

त्यासाठी आधी ते वॉलेट उघडायला हवं, आणि ते उघडत नव्हतं याचं कारण तुमच्याच पत्रात आहे: ‘इलेक्ट्रम की कायसं’. बहुतेक वॉलेट बिप ३९ नावाच्या ठरलेल्या पद्धतीचे शब्द वापरतात. २,०४८ शब्दांची एक यादी आहे, त्यातून बारा किंवा चोवीस शब्द निवडले जातात आणि शेवटच्या शब्दात एक तपासणी दडलेली असते. इलेक्ट्रम हेही एक बिटकॉइन वॉलेटच, पण त्याची पद्धत मात्र स्वतःची आहे. शब्द दिसायला तसेच, पण तपासणी वेगळी. त्यामुळे इलेक्ट्रमचे अगदी बरोबर लिहिलेले शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये घातले की बहुतेक वेळा ‘चुकीचे’ असंच उत्तर येतं. तुमचं ॲप खोटं बोललं नाही. त्याच्या भाषेत ते शब्द खरोखरच चुकीचे होते.

इलेक्ट्रम त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या, म्हणजे इलेक्ट्रम डॉट ओआरजी. सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीवर टिचकी मारून नाही. याला कारण आहे. २०१८च्या डिसेंबरात चोरांनी इलेक्ट्रमचे खोटे सर्व्हर उभे केले आणि त्यांना जोडल्या गेलेल्या लोकांच्या पडद्यावर ‘नवी आवृत्ती घ्या’ असा निरोप दाखवला. ज्यांनी ती ‘नवी आवृत्ती’ घेतली, त्यांचं वॉलेट रिकामं झालं. डाउनलोड केलेल्या फाइलची डिजिटल सही, म्हणजे ती खऱ्या बनवणाऱ्यांचीच असल्याची खूण, तपासता येते, तशी ती तपासा. जमत नसेल तर हे एक काम भाच्याला द्या, तो यासाठी योग्य माणूस आहे. तुमच्या नव्या लॅपटॉपवर इकडची तिकडची सॉफ्टवेअरं आधीच टाकून झाली असतील तर टेल्स वापरा. ही पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली आहे, तिच्यात इलेक्ट्रम आधीपासून असतं, आणि लॅपटॉपवरच्या कचऱ्याशी तिचा संबंध येत नाही.

इलेक्ट्रम उघडलं की नवीन वॉलेट, साधं म्हणजे स्टँडर्ड वॉलेट, आणि मग ‘माझ्याकडे सीड आधीच आहे’ हा पर्याय (सीड म्हणजे तेच बारा शब्द). शब्द फोटोवरून टाकू नका, पानावरून टाका. हस्ताक्षराकडे नीट बघा. हे मी माझ्याच अनुभवावरून सांगतोय: माझा एक कागद सहा वर्षांनी काढला आणि शब्द जुळेनात. एक आख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कळलं की सातवा शब्द ‘वूड’ होता आणि मी ‘वूल’ वाचत होतो. लिहिताना डीचं पोट इतकं चेपलं गेलं होतं की उभी रेघच उरली होती. दोन्ही शब्द यादीत आहेत, म्हणून टाइप करताना शंकाही आली नाही. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात ही गोष्ट मोठी उपयोगाची, पण वूड आणि वूलसारखे शब्दच मुळी चार अक्षरी. त्यांच्यात फरक फक्त चौथ्यात.

समजा एखादा शब्द पुसट झालाय, वाचताच येत नाही. तरी जीव टाकू नका. एका जागी २,०४८ शक्यता, आणि बिप ३९च्या बारा शब्दांत तपासणी सोळातल्या पंधरा शक्यता बाद करते, म्हणजे उरतात साधारण १२८. संगणकाला हे काम चुटकीसरशी होतं. दोन शब्दांची अदलाबदल झाली असेल तर जोड्या फक्त ६६. पण चार-पाच शब्दच गायब असतील तर तो डोंगर वेगळा. इलेक्ट्रमचे आकडे थोडे निराळे, हिशेबाची जात तीच.

पैसे दिसले? मग लगेच नवं वॉलेट करा, नव्या शब्दांचं, कागदावर पेनाने लिहून. आणि त्यात पैसे घालायच्या आधी ते वॉलेट पुसून टाका. हो, मुद्दाम. रिकामं वॉलेट पुसायचं, नुकत्याच लिहिलेल्या कागदावरून पुन्हा उभं करायचं, आणि पहिला पत्ता (पैसे घेण्यासाठीचा, खाते क्रमांकासारखा) आधी होता तोच येतो का ते बघायचं. आला, तर कागद खरा. पंधरा मिनिटांचं काम आहे. तुमच्याकडच्या पेनड्राइव्हवर २०१५मध्ये पासवर्ड लावल्यानंतर ही पंधरा मिनिटं खर्च झाली असती, तर त्या बॅकअपची मर्यादा तेव्हाच कळण्याची शक्यता होती. मग जुन्या वॉलेटमधली सगळी शिल्लक नव्या पत्त्यावर पाठवा. पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर सुरुवातीची पाच-सहा आणि शेवटची पाच-सहा अक्षरं डोळ्यांनी जुळवा, कारण चिकटवताना पत्ता बदलून टाकणारे व्हायरस जुनेच आहेत. व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सामायिक नोंदवहीच्या पानावर, नोंदला गेला की डायरीचं पान फक्त आठवण म्हणून उरतं.

हे झालं की चहा प्या आणि डेस्कटॉपकडे वळा.

पहिली गोष्ट, तुमचे बिटकॉइन त्या संगणकात कधीच नव्हते. ते जगभरच्या हजारो संगणकांवर असलेल्या एकाच खतावणीत नोंदलेले आहेत आणि आजही तिथेच आहेत. संगणकात होत्या त्या किल्ल्या, वॉलेट डॉट डॅट नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये. आणि ती फाइल बोर्डवर नसते, हार्ड डिस्कवर असते. तीन बीप आणि काळा पडदा ही बोर्डाची, मेमरीची किंवा ग्राफिक्स कार्डाची तक्रार. बिचारी डिस्क बहुधा ठणठणीत असेल. म्हणून दुरुस्तीवाल्याकडून सगळ्यात आधी डिस्क परत आणा. डबा भंगारात गेला तरी चालेल, डिस्क नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची डिस्क २०१३मध्ये कचऱ्यात गेली, त्यावरच्या किल्ल्यांमागे सुमारे ८,००० बिटकॉइन आहेत असं ते सांगतात. कचरा डेपो उकरू द्या म्हणून ते वर्षानुवर्षं नगरपालिकेशी भांडले, आणि २०२५च्या जानेवारीत न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. सगळं एका डिस्कच्या जागी दुसरी डिस्क गेल्यामुळे.

डिस्क जोडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण घोळ इथेच होतो. त्या काळच्या डेस्कटॉपमध्ये बहुधा साडेतीन इंची सॅटा डिस्क असते. ती नुसत्या यूएसबी केबलच्या विजेवर फिरत नाही, तिला बारा व्होल्टही लागतात. तेव्हा ज्याला स्वतःचा वेगळा अडॅप्टर आहे असा डॉक, म्हणजे डिस्क खोचायचा स्टँड, घ्या. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कसाठीची केबल लावलीत तर डिस्क नुसतीच गुरगुरेल आणि तुम्हाला वाटेल तीही गेली. जोडल्यावर कान द्या. एकसारखी घरघर असेल तर उत्तम. टक्, टक्, टक् असा ठेका आला तर तत्क्षणी वीज बंद. आत वाचणारं टोक बिघडलंय, आणि ते फिरत राहिलं तर चकतीवर ओरखडे पडतात. मग ते काम धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेचं, घरचं नाही.

जोडल्यावर विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करा’ किंवा ‘दुरुस्त करा’ असं विचारलं तर दोन्हीला नाही. आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी किल्ली मागितली तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा झालेली असू शकते, तिथे बघा. सगळं सुरळीत असेल तर डिस्कवर यूजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, रोमिंग, आणि मग बिटकॉइन. ॲपडेटा लपलेलं असतं, लपलेली फोल्डरं दाखवण्याची सोय चालू करावी लागेल. विंडोज परवानगी नाही म्हणेल, पुढे चला म्हणा. बिटकॉइन फोल्डरात शेकडो ब्लॉकच्या फाइली दिसतील, त्या नकोत, त्या पुन्हा मिळतात. हवी फक्त वॉलेट डॉट डॅट, आणि शेजारी डेटाबेस नावाचं फोल्डर असेल तर तेही. सॉफ्टवेअर नीट बंद व्हायच्या आत वीज गेली असेल, तर शेवटच्या नोंदी त्या फोल्डरात अडकलेल्या असू शकतात.

फाइलचा आकार पाहा. काहीशे केबी किंवा काही एमबी असेल तर जीव भांड्यात. शून्य बाइट असेल तर थांबा, डिस्कवर काहीही लिहू नका, पुसलेल्या फाइली शोधण्याचा मार्ग अजून बाकी आहे. तारीख २०१७ची आसपासची असली पाहिजे. दोन वेगळ्या ठिकाणी दोन प्रती काढा, आणि नावं बदलून ठेवा: एकीला ‘डेस्कटॉप-२०१७’, पेनड्राइव्हवाल्या प्रतीला ‘पेनड्राइव्ह-२०१४’. एकसारख्या नावाच्या दोन फाइली म्हणजे आज ना उद्या एकीवर दुसरी चढणार. एकुलती एक प्रत कधी उघडू नका, प्रतीची प्रत उघडा.

आता तुमचा शून्य. याची तीन कारणं असू शकतात आणि तुमच्या बाबतीत बहुधा एकाहून जास्त एकत्र आहेत.

पहिलं सरळ आहे. बिटकॉइन कोअर ब्लॉकचेन, म्हणजे ब्लॉकांची साखळी, तीच ती खतावणी, पूर्ण उतरवून घेईपर्यंत त्याला तुमचे व्यवहार दिसत नाहीत. पडद्याच्या तळाशी किती वर्षं मागे आहोत ते लिहिलेलं असतं, ते वाचा. दहा वर्षं मागे असलेल्या वॉलेटने शून्य दाखवणं म्हणजे पहिल्या पानावरच्या वाचकाला शेवट विचारणं. आख्खी साखळी ६०० जीबीच्या वर गेलीय. तेवढी जागा नसेल तर प्रून हा पर्याय निवडा, तो जुने ब्लॉक तपासून पुसत जातो. मात्र वॉलेट साखळी उतरवायला सुरुवात करण्याआधीच लावा. प्रून केलेला संगणक मागे जाऊन पुन्हा शोधू शकत नाही, कारण मागचं त्याने पुसलेलं असतं.

दुसरं कारण तुमच्या बॅकअपच्या वयात आहे. २०१६च्या ऑगस्टाआधी बिटकॉइन कोअरच्या वॉलेटमधल्या किल्ल्या एका मूळ बीजातून येत नसत, प्रत्येक किल्ली स्वतंत्र असे. वॉलेट १०० किल्ल्या आगाऊ करून ठेवायचं आणि एकेक वापरायचं. आता गंमत बघा. तुम्ही कुणाला थोडेसे बिटकॉइन पाठवले की उरलेली मोड तुमच्याकडेच परत येते, पण जुन्या पत्त्यावर नाही, नव्या पत्त्यावर, त्या शंभरातली एक नवी किल्ली वापरून. म्हणजे पाठवलं तरी किल्ली खर्च, घेतलं तरी किल्ली खर्च. बॅकअपनंतरच्या शंभर किल्ल्या संपल्या की पुढच्या किल्ल्या बॅकअपमध्ये नाहीत, आणि मोड नेमकी त्यांच्यावर बसलेली असते. थोडीफार देवघेव केलीत म्हणता, तर कदाचित शंभर गाठलेही नसतील.

पण तिसरं कारण शंभर मोजतच नाही. २०१५मध्ये तुम्ही पासवर्ड लावला. त्या क्षणी वॉलेटने जुन्या, उघड्या किल्ल्यांचा साठा बाजूला टाकला आणि पासवर्डखाली नवा साठा केला. सॉफ्टवेअरने तेव्हा एक इशाराही दाखवला होता, की आधीचे बॅकअप आता निरुपयोगी होतील, नवा बॅकअप घ्या. सगळेच जण त्यावर ओके दाबतात. म्हणून पेनड्राइव्हमधली प्रत २०१५नंतर बनलेल्या पत्त्यांच्या किल्ल्या ओळखत नाही. ती खोटी नाही, जुनी आहे. २०१४च्या पत्त्यांवर काही पडून राहिलं असेल तर ते ती दाखवेल, तेही बिनपासवर्ड. हेच तिचं दुसरं रूप: त्या पेनड्राइव्हला कुलूप नाही. जो ती वाचेल तो त्या पत्त्यांचा मालक. ती रोख रकमेसारखी जपा आणि कुणाला ‘बघायला’ देऊ नका.

तेव्हा खरी भिस्त डेस्कटॉपवरच्या २०१७च्या फाइलवर. नवं बिटकॉइन कोअर जुनी फाइल का उघडेना, तर २०२५च्या ऑक्टोबरात आलेल्या ३०व्या आवृत्तीने या जुन्या प्रकारच्या फाइली थेट उघडणं बंद केलंय. ती त्यांचं नव्या प्रकारात रूपांतर करून देते, आणि फाइलला पासवर्ड लावलेला असेल तर त्यासाठी तो लागतो. २९वी आवृत्ती मात्र अजून थेट उघडते. मी तुमच्या जागी आधी तीच वापरेन, कारण जुन्या फाइलमध्ये नुसती शिल्लक आणि व्यवहार पाहायला पासवर्ड लागत नाही. तो लागतो खर्च करताना. जुन्या आवृत्त्याही बिटकॉइन कोअरच्या अधिकृत संकेतस्थळावरच घ्या. आणि साखळी उतरायला कित्येक दिवस लागणार असतील, तोवर धीर धरवत नसेल, तर व्यवहारांच्या यादीतला शेवटचा व्यवहार उघडा, त्याचा क्रमांक कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे खतावणीतले व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाका आणि मोड कुठल्या पत्त्यावर गेली, तिथून पुढे हलली का ते पाहा. हललेली नसेल तर तुमचे पैसे २०१७पासून जागेवर बसून आहेत.

राहिला ‘जवळजवळ’ आठवणारा पासवर्ड. हा शब्द मला आवडला, कारण यात आशा आहे. स्टीफन थॉमस यांची गोष्ट २०२१मध्ये गाजली: ७,००२ बिटकॉइनच्या किल्ल्या आयर्नकी नावाच्या कुलूपबंद पेनड्राइव्हवर, पासवर्डचा कागद हरवलेला, एकूण दहा प्रयत्न आणि त्यातले आठ तेव्हाच संपलेले. तुमच्या वॉलेट डॉट डॅटला अशी मोजदाद नाही. ती हजार वेळा चुकलात तरी स्वतःला पुसत नाही. फक्त प्रत्येक प्रयत्न मुद्दाम जड केलेला असतो, म्हणून आंधळेपणाने सगळ्या शक्यता चाळता येत नाहीत, पण आठवणीच्या आसपासच्या काही लाख शक्यता चाळता येतात.

म्हणून आज रात्रीच एक कागद घ्या आणि आठवतंय ते सगळं लिहा. त्या काळात दुसरीकडे कुठले पासवर्ड वापरायचात? मोठं अक्षर सुरुवातीला द्यायची सवय होती का? शेवटी कुठला आकडा, कुठलं चिन्ह? आणि आपल्या मंडळींची एक खास खोड: रोमन लिपीत मराठी शब्द. शाळा लिहिताना ए किती, ‘आई’ला शेवटी आय की डबल ई, ‘ळ’साठी एल एक की दोन, ‘व’साठी व्ही की डब्ल्यू. माणसाला शब्द पक्का आठवतो, स्पेलिंग नाही. त्यातच त्या कीबोर्डचा लेआउट वेगळा असेल तर चिन्हांच्या जागाही बदललेल्या. अशा शक्यतांचा साचा करून चाळणारी बीटीसीरिकव्हर नावाची मोफत आणि खुली आज्ञावली आहे. ती इंटरनेट तोडलेल्या संगणकावर चालते, आणि तशीच चालवा. ती वापरणं जरा किचकट आहे, भाचा शेजारी बसेल तर बरं. ‘शेजारी बसेल’ म्हणतोय, ‘फाइल पाठवा’ म्हणत नाहीये.

तीही हरली तर पैसे घेऊन पासवर्ड शोधून देणारे खरे व्यावसायिकही असतात. त्यांना वॉलेटमधला फक्त पासवर्ड तपासण्यापुरता तुकडा काढून देता येतो, ज्यातून नुसता पासवर्ड कळतो पण किल्ल्या हाती जात नाहीत. तेवढ्यावर काम करायला जो तयार नाही, त्याला नमस्कार करून निघा.

पैसे हाताशी आले की बिटकॉइन कोअरचंही तेच करा जे इलेक्ट्रमचं केलंत: नव्या शब्दांच्या वॉलेटमध्ये हलवा. रक्कम मनाला लागेल एवढी असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या सांभाळणारं छोटं वेगळं यंत्र, घ्या, थेट बनवणाऱ्या कंपनीकडून, आणि डब्यात आधीच लिहिलेले शब्द निघाले तर ते परत करा. शब्द तुमच्यासमोर, यंत्राच्या पडद्यावर, पहिल्यांदा दिसले पाहिजेत. कागदाच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. आग-पाण्याची भीती असेल तर पोलादी पट्टीवर कोरून घ्या. पेनड्राइव्हवर मात्र भिस्त ठेवू नका: तिच्यातली स्मृती म्हणजे साठवलेला विद्युतभार, आणि वर्षानुवर्षं खणात पडून राहिली तर तो झिरपतो. काही हुशार लोक बारा शब्दांचे सहा-सहा असे दोन तुकडे करून दोन जागी ठेवतात. तसं करू नका. एक तुकडा हरवला की सगळं गेलं, आणि एक तुकडा चोराच्या हाती लागला की उरलेल्या सहाचं कोडं बारा शब्दांच्या मानाने फारच सोपं होतं. वाटणीच करायची तर त्यासाठी बनवलेल्या पद्धती आहेत, मल्टिसिग किंवा शमीर, पण तुमच्या गरजेला दोन कागद पुरेत.

आणि शब्दांच्या खाली, त्याच कागदावर, तीन गोष्टी लिहा: सॉफ्टवेअरचं नाव, वर्ष, आणि शब्दांशिवाय आणखी एखादा गुप्त शब्द लावलाय का, फक्त हो किंवा नाही. तुमच्या डायरीच्या पानावर ‘इलेक्ट्रम, २०१६’ एवढं लिहिलेलं असतं तर तुम्ही फोनवरच्या ॲपकडे गेलाच नसता, आणि भाच्याला फोटोही पाठवला नसता. त्या जादा शब्दाचं विशेष सांगायला हवं: तो चुकला तर वॉलेट चूक म्हणत नाही. दुसरंच एक रिकामं वॉलेट शांतपणे उघडून देतं. शून्य दाखवण्याचा हा चौथा प्रकार.

बायकोला शब्द सांगायची गरज नाही, पण असे दोन कागद आहेत, ते कुठे आहेत आणि ते कुणालाही फोनवर वाचून दाखवायचे नाहीत, एवढं तिला माहीत हवं. हे बोलणं अवघड जाईल, विशेषतः २०१३पासून गप्प राहिल्यावर. फाइल सापडल्यावर बोला, म्हणजे निदान एका वाक्यात चांगली बातमी असेल.

डिस्क जोडलीत की मला फक्त दोन आकडे कळवा: वॉलेट डॉट डॅटचा आकार आणि तिच्यावरची तारीख. त्यावरून पुढचं सांगता येईल. फाइल, शब्द, पासवर्डचा अंदाज, यातलं काहीही पाठवू नका. मागितलं तरी नाही, मी मागितलं तरी नाही.